भांड्यांचं दुकान आहे, मोठ्या ऑनलाइन साइटवर माल टाकावा का? (नाशिक)

भांडीबाजार_२७

नमस्कार मंडळी. आमचं भांडी बाजारात तांब्यापितळेचं दुकान आहे, आजोबांनी टाकलेलं, आता अण्णा आणि मी बघतो. प्रश्न थोडा मोठा आहे, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मागच्या शनिवारी एक जोडपं आलं, गंगेवर (गोदाघाटावर) दर्शन करून थेट दुकानात. तांब्याचा जग हवा होता. अण्णांनी तीन काढून दाखवले, साधा, मठारलेला आणि झाकणाचा, काट्यावर ठेवून वजनं दाखवली, चांगला अर्धा तास गेला. मग त्या दादांनी जगाचा फोटो काढला, फोनमध्ये शोधलं आणि म्हणाले काका हाच ऑनलाइन साडेआठशेला आहे, तुम्ही साडेतेराशे सांगताय. आणि गेले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, तिन्ही जग फडक्याने पुसून परत फळीवर ठेवले. मला ते बघवलं नाही.

त्याच रात्री मी तो साडेआठशेवाला जग मागवला. चौथ्या दिवशी आला. वजन केलं तर ४१० ग्रॅम. आमचा ७८० भरतो. बूड अंगठ्याने दाबलं तर आत जातंय. म्हणजे किलोचा हिशोब लावला तर आमचा १,७३० च्या आसपास पडतो आणि तो २,०७० च्या वर जातो, तोच महाग आहे! पण फोटोत दोन्ही सेम दिसतात आणि त्या पानावर वजन कुठेच लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला कळणार कसं?

मी अण्णांना म्हणतोय की आपणही टाकूया, दसरा दिवाळी आली, पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे. अण्णा म्हणतात आपलं गिऱ्हाईक तोंडओळखीचं आहे, २०१६ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हा ज्यांनी येऊन गाळ काढायला मदत केली ती सगळी गिऱ्हाइकंच होती, ती साइट काय येणार आहे का. त्यांचंही खरं आहे. पण मुलं सगळी फोनवरच घेतात हेही खरं आहे.

कोणी प्रत्यक्ष विकत असेल तर सांगा, खरा खर्च किती येतो, रिटर्न आलं तर कोण भरतं, जीएसटीचं काय. आणि टाकूच नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

---

सिडकोची_सीमा

दादा मी चार वर्षं कॉटन कुर्ती विकतेय, घरून सुरू केलं, आता दोन शिवणाऱ्या ताई आहेत. तुम्हाला माझा हिशोबच देते, कारण मला सुरुवातीला कोणी दिला नव्हता आणि पहिलं वर्ष मी नुसती ऑर्डरचा आकडा बघून खूश होते.

कुर्ती विकली ६५० ला, जीएसटी सोडून. कापड शिलाई धरून मला पडते ३८०. कमिशन आणि त्यांची फिक्स फी मिळून १०५, शिपिंग ७५, पिशवी लेबल ८, आणि जाहिरातीचे सरासरी ३५, कारण जाहिरात लावली नाही तर तुमचा माल दहाव्या पानावर जातो, तिथे कोण बघतंय. हे सगळे २२३ झाले. हातात राहिले ४७.

आता रिटर्न. कपड्यात माझ्याकडे दहातल्या तीन परत यायच्या. साइज नाही बसली, रंग वेगळा वाटला, किंवा कॅश ऑन डिलिव्हरी होती आणि दार उघडलंच नाही. प्रत्येक परत येणाऱ्या कुर्तीमागे मला साधारण ११० चा फटका. म्हणजे सात विकल्या त्याचे ३२९ मिळाले आणि तीन परत आल्या त्याचे ३३० गेले. महिनाभर राबून एक रुपया वजा. हा कागद मी अजून जपून ठेवलाय.

मग मी काय केलं, डिझाइन कमी केली, मापं सेंटीमीटरमध्ये फोटोवरच टाकली, भाव ७५० केला. ऑर्डर निम्म्या झाल्या पण आता पैसे उरतात.

तुमच्या मालात एक वेगळीच अडचण आहे, ती आधी समजून घ्या, नाहीतर खूप पैसे जातील. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं मापही बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००, हा बहुतेक ठिकाणचा नियम, आणि त्यातून जे किलो येतात ते आणि खरं वजन यातलं जे जास्त त्यावर पैसे. आता कळशी घ्या. पोकळ. खरं वजन दोन किलो असेल पण खोकं ३० बाय ३० बाय ३५ लागेल, म्हणजे ६.३ किलोचे पैसे. हवेचे पैसे भराल तुम्ही. हंडा, घागर, पिंप, बंब हे ऑनलाइन टाकायच्या भानगडीत पडूच नका.

जीएसटीचं, तुमच्याकडे नंबर असेलच. नसेल आणि फक्त महाराष्ट्रातच विकायचं असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला मर्यादेच्या आत सूट आहे, फक्त पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर नोंदणी हवीच. साइट तुमच्या पैशातून जीएसटीपोटी अर्धा टक्का टीसीएस कापते आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस, ते बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर क्रेडिट मिळतं, पण तोपर्यंत अडकून राहतात. सीएला आधीच सांगून ठेवा.

---

पाथर्डीफाटा_निशा

मला दुसरी बाजू सांगायची आहे, राग मानू नका.

मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट असते, घरी दोन वर्षांची मुलगी. मेन रोडला जायचं म्हणजे सुट्टीचा दिवस घालवायचा, द्वारका चौकात अडकायचं, गाडी लावायला जागा नाही, आणि दुकानात गेल्यावर बाळ कडेवर असताना तीन दुकानं फिरून भाव विचारायचे. आणि दुकानदार काय करतात? बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणतात. भिंतीवर पाटी असते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सासूबाईंसाठी घेतलेला मिक्सर दुसऱ्या दिवशी बंद पडला (भांडी बाजारात नाही, दुसरीकडे) तर म्हणाले सर्व्हिस सेंटरला जा. ऑनलाइन घेतलेला पंखा आवाज करत होता, फोनवर दोन बटणं दाबली, माणूस येऊन घेऊन गेला. मग मी कुठून घेऊ सांगा.

तुमच्या अण्णांनी अर्धा तास दिला, तीन जग काढले, हे फार छान आहे, पण सगळीकडे असं मिळत नाही. आणि मला एवढंच हवं असतं की बिल मिळावं, खराब निघालं तर बदलून मिळावं, आणि आधी फोनवर विचारता यावं की वस्तू आहे का. तुमचं दुकान गूगल मॅपवर वेळेसकट दिसतं का? फोन उचलता का? तिथून सुरुवात करा ना.

---

येवलेकर_विणकर

मी येवल्याचा, घरात तीन माग आहेत, वडील आणि काका पैठणी विणतात, मी विक्री बघतो. भांडीवाल्या दादांचा जग वाचून पोटात कालवलं कारण आमचं अगदी हेच झालंय.

कुठल्याही मोठ्या साइटवर नुसतं पैठणी म्हणून शोधा. हजार रुपयाच्या आत शेकडो साड्या येतात. ती यंत्रमागावरची, सिंथेटिक धाग्याची साडी असते. हातमागावर रेशमाची एक साडी विणायला साध्या पदराला सुद्धा कित्येक दिवस जातात, भरलेल्या पदराला महिने जातात. पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळालेलं आहे, म्हणजे कायद्याने नावाला संरक्षण आहे, पण शोधायच्या खिडकीत कायदा दिसत नाही, तिथे दिसतो भाव आणि तारे.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका मोठ्या साइटवर टाकल्या. महिन्याभरात काकांच्या साडीचा फोटो, पदरावरचा मोर, काकांचा हात सुद्धा दिसतोय असा फोटो, दुसऱ्या विक्रेत्याने उचलून ८९९ च्या साडीला लावला. तक्रार केली. त्यांनी पुरावा मागितला, दिला, ते पान काढलं. आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या नावाने परत. असं चार वेळा. काका म्हणाले माझा हात विकायला ठेवलाय लोकांनी. त्या दिवशी मी सगळं बंद केलं.

आता व्हॉट्सॲपवर विकतो. मागावर असतानाच व्हिडिओ पाठवतो, पदराची मागची बाजू दाखवतो, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबत असतात. सिल्क मार्कचा, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचा टॅग देतो. गिऱ्हाइकं कमी आहेत पण मला त्यांची नावं माहीत आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न कधी आहे तेही माहीत आहे. मोठ्या साइटवर पाच महिन्यात जेवढ्या विकल्या त्यातल्या एकाही बाईचा फोन नंबर माझ्याकडे नाही. खोक्यात आपलं कार्ड टाकलेलं त्यांना चालत नाही. गिऱ्हाईक त्यांचं, आपण फक्त पुरवणारे. माझा आक्षेप कमिशनपेक्षा यावर जास्त आहे.

---

निवृत्त_नाशिकरोड

मी बँकेतून निवृत्त झालो, ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे. दोन गोष्टी लिहितो.

पहिली, हा बाजार चालतो कसा. परदेशी पैसा असलेल्या कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल ठेवून थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकायची परवानगी नाही. ती फक्त बाजार चालवू शकते, विक्रेते वेगळे पाहिजेत. ॲमेझॉन २०१३ मध्ये इथे आली ती याच पद्धतीने, फ्लिपकार्टमध्ये २०१८ साली वॉलमार्टने ७७ टक्के वाटा घेतला तेव्हापासून तीही परदेशी कंपनीच्या ताब्यात. आता व्यवहारात झालं काय की काही मोजके मोठे विक्रेते उभे राहिले ज्यांचा त्या कंपनीशीच संबंध. क्लाउडटेल हे सगळ्यात माहितीतलं नाव, त्यात ॲमेझॉनची भागीदारी होती, ते २०२२ मध्ये बंद झालं. मध्ये १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम कडक केले, ज्या विक्रेत्यात बाजारवाल्याचा हिस्सा आहे त्याने तिथे विकायचं नाही, एखाद्या ब्रँडला फक्त आमच्याकडेच विक अशी सक्ती करायची नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांची चौकशी लावली, कंपन्या कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं चाललंय. तुमच्यासारख्याला याच्याशी काय देणंघेणं? एवढंच, की बाजारात कुठलं दुकान पहिल्या ओळीत बसवायचं हे बाजाराचा मालकच ठरवतो, आणि तो ते कशावरून ठरवतो हे आपल्याला दिसत नाही. मेन रोडला असं नसतं. तिथे तुमची फळी कोणी रात्रीतून उचलून मागच्या गल्लीत नेत नाही.

दुसरी गोष्ट निशाताईंसाठी आणि सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी. ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. प्रत्येक साइटला तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो, तुमची तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा. विक्रेत्याचं नाव पत्ता, वस्तू कुठल्या देशात बनली हे पानावर दाखवलं पाहिजे. घ्यायच्या आधी ते उघडून बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, लोक हे करत नाहीत आणि नंतर ते पानच गायब होतं. नाहीच ऐकलं तर १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच दावा करता येतो, कंपनी बेंगळुरूची असली तरी नाशिकला, आणि पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी वकील न लावता केलं. कागद नीट हवेत, बाकी काही अवघड नाही.

कुकर घेताना मात्र कृपा करून आयएसआय बघा. प्रेशर कुकरला ती सक्ती आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिगर आयएसआय कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांनाही एकेक लाखाचा दंड सुनावला आणि गिऱ्हाइकांना कळवून कुकर परत घ्या, पैसे द्या असा आदेश काढला. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, कुकरवरचा सीएम एल (परवान्याचा) नंबर त्यात टाकला की खरा खोटा कळतं. दोन मिनिटांचं काम आहे. कुकर फुटला तर स्वयंपाकघरात कोण उभं असतं ते आपल्याला माहीत आहे.

---

सातपूरचा_रायडर

मी पार्सल वाटतो, सातपूर गंगापूर रोड भाग. भांडीवाल्या दादा एकच सांगतो पॅकिंग. गोदामात पार्सल फेकतात खोटं कशाला बोलू, गाडीत एकावर एक चढतं, तुमच्या तांब्याच्या जगावर कोणाचं तरी डंबेल येणार. आत बबलवाला प्लास्टिक दोन वेढे आणि भांड्याच्या पोटात कागद कोंबून भरा, काठ आणि तोटीला वेगळं पुठ्ठ्याचं कवच करा, खोक्याला भांडं कुठे टेकता कामा नये. पोचा पडला की लोक दारातच परत देतात आणि बोलणी मला बसतात.

आणि गिऱ्हाईक लोकांना पण सांगतो, ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर उघडून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, घाईत असलात तरी. साधी डिलिव्हरी असेल तर खोकं फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरू करून, मधे बंद न करता. नंतर आमच्यावर चोरीचा आळ येतो तो पण वाचतो. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका पोराचे पैसे कापले गेले, खोक्यात साबण निघाला म्हणून, त्याने ते खोकं फक्त घरापर्यंत नेलं होतं.

---

सिडकोची_सीमा

येवलेकर दादा, काकांच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. फोटो चोरतात हे माझ्याकडेही झालंय. आता मी प्रत्येक फोटोत आमच्या नावाची कापडी पट्टी कपड्यावरच टाचते, वरून टाकलेला वॉटरमार्क पुसता येतो, पट्टी पुसणं अवघड जातं.

भांडीवाल्या दादा तुमच्यासाठी अजून सुचलं. तुमच्याकडे भांड्यावर नाव घालून देत असाल ना? रुखवताची भांडी, वास्तुशांतीच्या भेटी? ते काम कुठलीच साइट तुमच्यासारखं करू शकत नाही. आणि जुनी मोड घेऊन नवीन भांडं देता, तेही नाही. ते दुकानातच ठेवा आणि व्हॉट्सॲपवर त्याचेच फोटो टाका.

---

भांडीबाजार_२७

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं काल रात्री जेवताना अण्णांना वाचून दाखवलं, आई पण बसली होती.

निशाताई, तुमचं अण्णांना लागलं. आमच्याकडेही ती पाटी आहे, गल्ल्याच्या मागे, आजोबांच्या वेळची. अण्णा म्हणाले पोचा निघाला तर आपण बदलून देतोच की, मग आई म्हणाली मग पाटी कशाला. आज सकाळी ती काढली. तिथे आता वजन आणि किलोचा भाव लिहायचा फळा लावतोय. मॅपवर दुकान होतं पण वेळ चुकीची होती आणि नंबर अण्णांच्या जुन्या सिमचा, ते दुरुस्त केलं.

नाव घालायचं मशीन आहे आमच्याकडे, लग्नसराईत फक्त चालतं. आणि मोड तर रोज येते. मला हे कधी जाहिरात करायची गोष्ट वाटलीच नव्हती.

काकांच्या हाताचा किस्सा ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले मोठी भांडी आपली दुकानातच, पण देवपूजेची बारीक वस्तू टाकून बघ, ताम्हण, पळी पंचपात्र, निरांजन, पाच वस्तूंपेक्षा जास्त नाही, आणि नावातच वजन लिही. दिवाळीपर्यंत बघायचं, सीमाताईंसारखा कागद करायचा, उरले तर पुढे नाहीतर बंद. साइट कुठली ते अजून ठरलेलं नाही, कमिशनचे तक्ते घेऊन बसलोय.

सीमाताई, मघाशी ताम्हणाचं खोकं मोजलं. २२ बाय २२ बाय ५, म्हणजे २,४२० भागिले ५,०००, ०.४८ किलो. ताम्हण ३४० ग्रॅमचं आहे, पॅकिंग धरून साडेचारशेच्या आत बसेल. म्हणजे दोन्हीकडून अर्ध्या किलोच्या आत येतंय, बरोबर ना? की खोक्याचं माप बाहेरून घेतात? मी आतून घेतलंय.

---

सिडकोची_सीमा

बाहेरून दादा. फुगवटा धरून. परत मोजा, खोकं उंचीला अर्धा सेंटीमीटर जास्त भरलं तरी अर्ध्या किलोच्या वर जाईल आणि पुढच्या स्लॅबचे पैसे लागतील. २१ चं खोकं मिळतं का बघा, नाहीतर बनवून घ्या.